रहिवासी की पाहुणा? : अमेरिकन उपनगर, थीम पार्क आणि व्यक्तित्वाचा प्रश्न

सारांश

अमेरिकन उपनगर आणि थीम पार्क या दोन्ही स्थळांकडे समीक्षेने प्रायः एकसाचीपणाची प्रतीके म्हणून पाहिले आहे. प्रस्तुत लेखात आयरा लेव्हिन यांची 'द स्टेपफर्ड वाइव्हज' (१९७२) ही कादंबरी आणि पीटर वीअर दिग्दर्शित 'द ट्रुमन शो' (१९९८) हा चित्रपट यांचे वाचन लेव्हिटटाऊन, डिस्नेलँड व सेलिब्रेशन या प्रत्यक्ष स्थळांच्या संदर्भात केले आहे. व्यक्तित्वाचा प्रश्न घरांच्या वा माणसांच्या दिसण्यातील सारखेपणाशी जोडलेला नसून, राहत्या जागेत आणि तिच्या नियमांत बदल करण्याच्या अधिकाराशी जोडलेला आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : उपनगर, थीम पार्क, समूहानुवर्तन, व्यक्तित्व, रहिवासी, पाहुणा.

१. प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन साहित्यात आणि चित्रपटात उपनगर हा एक स्वतंत्र विषय होऊन बसला. डेव्हिड रीसमन व त्यांच्या सहकाऱ्यांचा 'द लोनली क्राउड' (१९५०) आणि विल्यम व्हाइट यांचा 'द ऑर्गनायझेशन मॅन' (१९५६) या समाजशास्त्रीय ग्रंथांनी समूहाच्या अपेक्षांप्रमाणे स्वतःला घडविणाऱ्या अमेरिकन मध्यमवर्गीयाचे चित्र रेखाटले. जॉन चीव्हर यांच्या कथांनी आणि रिचर्ड येट्स यांच्या 'रेव्होल्युशनरी रोड' (१९६१) या कादंबरीने त्याला ललित रूप दिले. हिरवळीमागचे एकाकीपण, सारख्या घरांतील सारखी माणसे आणि त्यांत गुदमरणारा एखादा वेगळा जीव, हा आकृतिबंध इतका रुळला की पुढे तोच एक साचा बनला. साच्याविरुद्ध लिहिणारे साहित्यही साचेबंद होऊ शकते, ही गोष्ट समीक्षेने फारशी लक्षात घेतलेली नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठी वाचकाच्या मनात 'उपनगर' म्हटले की मुंबईचे लोकल गाड्यांवर जगणारे, दाटीवाटीचे उपनगर उभे राहते. अमेरिकन उपनगर त्याच्या नेमके उलट आहे. तेथे स्वतंत्र घर, पुढे हिरवळ, मागे अंगण, दाराशी मोटार आणि शेजाऱ्यापासून राखलेले अंतर असते. 'समूहानुवर्तन' ही संज्ञा प्रस्तुत लेखात समूहाच्या रीतीला मुकाट्याने जुळवून घेणे या अर्थाने, आणि 'व्यक्तित्व' ही संज्ञा स्वतःच्या जगण्याविषयी स्वतः निर्णय घेण्याची क्षमता या अर्थाने वापरली आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. पदव्युत्तर वर्गात 'द ट्रुमन शो' या चित्रपटावर चर्चा चालू असताना मी उपनगरातील घरांच्या एकसारखेपणावर भर देत होतो. साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडेही सगळी घरं सारखीच होती. त्याचं काही वाटत नव्हतं. पण भिंतीला खिळा मारायचा तरी ऑफिसला विचारावं लागायचं, त्याचं वाटायचं." त्या वाक्याने माझ्या मांडणीतील उणीव मला दाखवून दिली. प्रस्तुत लेख हा त्या उणिवेचा शोध आहे.

२. लेव्हिटटाऊन : एकसारखी घरे, वेगळी माणसे

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट अँड सन्स या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरे बांधली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्याने सुलभ गृहकर्जाची सोय झाली होती आणि घरांची तीव्र टंचाई होती. कंपनीने घरबांधणीचे काम २७ टप्प्यांत विभागले. कारखान्यात वस्तू कामगारापुढून सरकते. येथे वस्तू जागेवर राहिली आणि कामगारांची पथके एका घरावरून दुसऱ्या घरावर सरकत गेली. प्रारंभीचे घर सुमारे ७५० चौरस फुटांचे होते. त्यात दोन शयनगृहे आणि वर एक अपुरा माळा असे. माळा पुढे आपल्या सोयीने पूर्ण करून घ्यावा, अशी ती योजना होती.

घराबरोबर नियमही आले. कुंपण घालू नये, हिरवळ दर आठवड्याला कापावी, शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालू नयेत, असे निर्बंध करारात होते. याहून गंभीर कलम वंशाविषयी होते. घरातील नोकर वगळता गौरवर्णीयांव्यतिरिक्त कोणालाही त्या घरात राहू देऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. असे वांशिक निर्बंध न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला; परंतु विक्रीच्या व्यवहारात ते धोरण पुढेही चालूच राहिले.

ल्युइस ममफर्ड यांच्यासारख्या नगरचिंतकाने 'द सिटी इन हिस्टरी' (१९६१) या ग्रंथात अशा वसाहतींवर कठोर टीका केली. ओळीने उभी असलेली सारखी घरे, सारख्या वयाची व सारख्या उत्पन्नाची माणसे, हे चित्र त्यांना मानवी विविधतेचा ऱ्हास वाटले. मात्र ही टीका बाहेरून पाहणाऱ्याची होती. हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञाने निराळा मार्ग स्वीकारला. न्यू जर्सीतील लेव्हिटटाऊन येथे १९५८ मध्ये त्यांनी घर घेतले, सुमारे दोन वर्षे तेथे वास्तव्य केले आणि 'द लेव्हिटटाऊनर्स' (१९६७) हा ग्रंथ लिहिला. सारख्या घरांत राहायला आल्यामुळे माणसे सारखी होतात, या गृहीतकाला त्यांना आधार सापडला नाही. लोक आपल्या आवडीनिवडी, धर्म, वर्ग आणि भांडणे बरोबर घेऊनच आले होते. किशोरवयीन मुलांचा कंटाळा आणि काही गृहिणींचे एकाकीपण त्यांनी नोंदविले. परंतु त्याचे कारण त्यांना घराच्या आकारात दिसले नाही.

घरेही सारखी राहिली नाहीत. बार्बरा केली यांनी 'एक्स्पांडिंग द अमेरिकन ड्रीम' (१९९३) या ग्रंथात लाँग आयलंडवरील घरांच्या फेरफारांचा इतिहास मांडला आहे. माळे पूर्ण झाले, मागे खोल्या वाढल्या, छपरे उचलली गेली, आणि ज्या गावाची एकसारखेपणाबद्दल जगभर नालस्ती झाली तेथे मूळ रूपातील घर शोधून काढणे कठीण होऊन बसले. रहिवाशांनी साच्याविरुद्ध कोणताही जाहीरनामा काढला नव्हता. त्यांच्या हाती हातोडा होता आणि घर त्यांच्या मालकीचे होते, एवढेच.

तथापि या चित्राची दुसरी बाजू दडविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ऑगस्ट १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाऊन येथे विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य मुलांसह राहायला आले. विल्यम मायर्स हे महायुद्धात सैनिक होते. ज्यांच्यासाठी ही वसाहत उभारली असे म्हटले जाई, त्यांतलेच ते एक. त्यांच्या घरासमोर जमाव जमला, दगडफेकीत काचा फुटल्या आणि अनेक दिवस छळ चालू राहिला. काही शेजारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, राज्याच्या पोलिसांना आणि न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. मायर्स कुटुंब तेथून हटले नाही. स्वतःच्या घराचे छप्पर हवे तसे उचलणारी माणसे शेजारच्या घरात कोण राहणार हेही आपणच ठरवू पाहत होती. म्हणजे समूहानुवर्तनाची खरी कसोटी घराच्या दर्शनी भागावर लागली नाही. कोणाला रहिवासी म्हणून मान्य करायचे, या प्रश्नावर लागली.

३. डिस्नेलँड : पाहुण्यांचे गाव

कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांच्या जागी सुमारे १६० एकरांवर डिस्नेलँड उभे राहिले आणि १७ जुलै १९५५ रोजी ते सुरू झाले. उपनगर आणि थीम पार्क यांचा हा जन्मकाळ एकच आहे, हा योगायोग नाही. दोघांनाही मोटार, महामार्ग, दूरचित्रवाणी आणि मुलांचे प्रमाण वाढलेले मध्यमवर्गीय कुटुंब यांनी आकार दिला. मात्र दोघांची स्वप्ने वेगवेगळी होती. उपनगराने नवे गाव देऊ केले, तर थीम पार्कने हरवलेले गाव परत देऊ केले.

प्रवेश करताच लागणारी 'मेन स्ट्रीट' ही वॉल्ट डिस्ने यांच्या बालपणीच्या मार्सेलीन या मिसुरी राज्यातील गावाच्या आठवणींवर बेतलेली आहे. इमारतींचे वरचे मजले प्रमाणापेक्षा लहान ठेवले आहेत. त्यामुळे इमारत उंच भासते, पण दबदबा निर्माण करीत नाही. भोवती मातीचा उंच बांध आहे, म्हणून बाहेरचे जग दिसत नाही. येथे काम करणाऱ्यास 'नट' आणि येणाऱ्यास 'पाहुणा' म्हटले जाते. कर्मचाऱ्यांच्या केसांपासून नखांपर्यंतचे नियम ठरलेले आहेत. संस्थापकाला स्वतःला मिशी होती, पण कर्मचाऱ्यांना मिशी ठेवण्याची मुभा २००० मध्ये आणि दाढी ठेवण्याची मुभा २०१२ मध्ये मिळाली.

ज्याँ बोद्रियार यांनी 'सिम्युलाक्रा अँड सिम्युलेशन' (१९८१) मध्ये मांडलेला विचार प्रसिद्ध आहे. डिस्नेलँड काल्पनिक म्हणून दाखविले जाते, ते त्याबाहेरची अमेरिका खरी आहे असे वाटावे म्हणून, असा त्याचा आशय. हा विचार सूक्ष्म आहे. तथापि तो खऱ्या-खोट्याच्या प्रश्नात अडकून राहतो. आठ तासांसाठी गेलेल्या पाहुण्याला ते गाव खोटे आहे हे ठाऊक असते आणि त्याचे त्याला वाईटही वाटत नाही. त्याने तिकीट काढलेले असते ते आनंदासाठी. रांगेत उभे राहणे, ठरलेल्या वाटेने जाणे, ठरलेल्या ठिकाणी हसणे, हे समूहानुवर्तन त्याने काही काळापुरते पत्करलेले असते. संध्याकाळी तो घरी परत जातो. पाहुणेपणाची मर्यादा हीच त्याची मुक्तीही आहे. त्या गावात त्याचे काहीच नसते, म्हणून त्याच्यावर तेथील काही लादलेही जात नाही.

अडचण निर्माण होते ती पाहुण्याला तेथेच राहायला सांगितले जाते तेव्हा. आयुष्याच्या अखेरीस डिस्ने यांनी फ्लोरिडात भविष्यकालीन आदर्श वसाहतीची योजना मांडली होती. तिचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव 'एपकॉट'. सुमारे वीस हजार लोकांच्या त्या शहरात घरे भाड्याची असणार होती. रहिवाशांपैकी कोणीही जमिनीचा मालक नसणार होता आणि म्हणून कारभारावर मतदारांचे नियंत्रणही राहणार नव्हते. डिसेंबर १९६६ मध्ये डिस्ने यांचे निधन झाले आणि १९८२ मध्ये 'एपकॉट' नावाने प्रत्यक्षात उघडले ते आणखी एक थीम पार्क. गाव झाले नाही. पण राहणाऱ्यालाही पाहुणा मानण्याची ती कल्पना अमेरिकन साहित्याने फार लवकर ओळखली.

४. 'द स्टेपफर्ड वाइव्हज' : बदललेली माणसे

आयरा लेव्हिन यांची ही लहानशी कादंबरी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. जोआना एबरहार्ट ही छायाचित्रकार आपला पती वॉल्टर आणि दोन मुलांसह न्यूयॉर्क शहर सोडून कनेटिकटमधील स्टेपफर्ड या उपनगरात येते. तेथील बहुतेक स्त्रिया घरकामात अष्टौप्रहर रमलेल्या दिसतात. गप्पांना त्यांच्याकडे वेळ नसतो, कारण फरशी पुसायची असते. गावात पुरुषांची एक संघटना आहे आणि तिच्या वास्तूत स्त्रियांना प्रवेश नाही. आत राहूनच संघटना बदलता येईल, असे सांगत वॉल्टर तिचा सभासद होतो. जोआनाला बॉबी आणि शार्मेन या दोन मैत्रिणी भेटतात. पुढे एकेका सुट्टीनंतर त्या दोघीही बदललेल्या दिसतात. शार्मेनचे आवडते टेनिस कोर्ट उखडून तेथे पतीसाठी गोल्फच्या सरावाची जागा केली जाते.

या कादंबरीत घरांच्या एकसारखेपणाबद्दल लेखक फारसे काही बोलत नाही, ही बाब लक्षणीय आहे. स्टेपफर्डमधील घरे जुनी, प्रशस्त आणि एकमेकांहून वेगळी आहेत. तेथे साचा भिंतींना लागू होत नाही, माणसांना लागू होतो. आणि तो साचा कोठून आला, याचे उत्तर लेव्हिन एका तपशिलात देतात. पुरुष संघटनेचा प्रमुख डेल कोबा याला सारे 'डिझ' म्हणतात, कारण तो पूर्वी डिस्नेलँडमध्ये नोकरीला होता. डिस्नेलँडमध्ये १९६० च्या दशकात हलणाऱ्या-बोलणाऱ्या यांत्रिक आकृती प्रेक्षकांपुढे आल्या. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील अब्राहम लिंकन यांची आकृती विशेष गाजली. एक चित्रकार जोआनाची रेखाटने करतो, दुसरा गृहस्थ शब्दांची यादी देऊन तिचा आवाज ध्वनिमुद्रित करतो. सभासदांच्या नोकऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि संगणकाच्या उद्योगांत आहेत. हे दुवे जोआना एकत्र जोडते तेव्हा थीम पार्क आणि उपनगर यांच्यामधील बांध कोसळतो. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी निर्माण झालेले तंत्र घराच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहते.

कादंबरीतील आणखी एक संदर्भ या दृष्टीने मोलाचा आहे. ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळताना जोआनाला कळते की या गावात एके काळी स्त्रियांचे मंडळ होते आणि बेटी फ्रीडन यांचे तेथे व्याख्यान झाले होते. फ्रीडन यांचा 'द फेमिनीन मिस्टीक' हा ग्रंथ १९६३ चा. म्हणजे स्टेपफर्डच्या स्त्रिया मुळात मुकाट नव्हत्या. त्या संघटित होत्या, वाचत होत्या, प्रश्न विचारत होत्या. त्यांचा एकसाचीपणा हा उपनगरी राहणीचा परिणाम नाही. उपनगरात निर्माण झालेल्या व्यक्तित्वाला दिलेले ते प्रत्युत्तर आहे. उपनगर माणसाला आपोआप निर्जीव करते, या रूढ समजुतीला ही कादंबरी छेद देते. येथे कोणीतरी निर्णय घेतो, कोणीतरी बैठक बोलावतो आणि कोणाचा तरी पती संमती देतो. समूहानुवर्तन ही हवेतून पसरणारी साथ नव्हे, तो काही जणांनी काही जणांवर घडवून आणलेला व्यवहार असतो. बॉबीला आरंभी पाण्यात वा हवेत काही रसायन असावे अशी शंका येते. ती शंका खोटी ठरणे, हाच कादंबरीच्या आशयाचा गाभा आहे.

शेवटाकडे लेव्हिन एक दार बंद ठेवतात. बॉबीच्या स्वयंपाकघरात, तिच्या हाती सुरी असताना, प्रसंग थांबतो. पुढच्या प्रकरणात रुथॅन हेन्ड्री ही नव्याने राहायला आलेली कृष्णवर्णीय लेखिका सुपरमार्केटमध्ये जोआनाला भेटते. जोआना आता छायाचित्रे फारशी काढत नाही, असे शांतपणे सांगते. ब्रायन फोर्ब्स यांच्या १९७५ च्या चित्रपटात जे दृश्य करून दाखविले आहे, ते कादंबरीत वाचकाच्या तर्कावर सोडले आहे. परिणामाच्या दृष्टीने कादंबरीची निवड मला अधिक समर्थ वाटते, कारण संशय हीच जोआनाची स्थिती वाचकाच्या वाट्यास येते. रुथॅनची योजनाही अर्थपूर्ण आहे. लेव्हिटटाऊनमध्ये मायर्स कुटुंबाला दगड मारून बाहेर काढू पाहणारे उपनगर १९७२ मध्ये रुथॅनला आत घेते. मात्र तिच्यासाठीही तोच साचा तयार असावा, ही भीती वाचकाला सोडत नाही. प्रवेश मिळणे म्हणजे रहिवासी होणे नव्हे.

या कादंबरीच्या मर्यादाही आहेत. तिच्यातील पुरुष जवळजवळ एकाच चेहऱ्याचे आहेत. वॉल्टरच्या मनात संमतीपूर्वी काय चालले असेल, याचा शोध लेव्हिन घेत नाहीत. हेतूंची ही पोकळी भयकथेच्या गतीला उपकारक ठरते, परंतु समूहानुवर्तनाची मानसिक किंमत पुरुष कशी चुकवितात, हा प्रश्न तिच्यामुळे अस्पर्शित राहतो.

५. 'द ट्रुमन शो' : दुसऱ्याने रचलेले गाव

अँड्र्यू निकोल यांची पटकथा असलेल्या या चित्रपटाचा नायक ट्रुमन बरबँक जन्मापासून एका प्रचंड घुमटाखाली उभारलेल्या सीहेवन नावाच्या गावात राहतो. त्याचे आयुष्य चोवीस तास दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित होते. त्याची पत्नी, मित्र, शेजारी हे सर्व नट आहेत. फक्त त्यालाच ते ठाऊक नाही. त्याचे आडनाव कॅलिफोर्नियातील ज्या बरबँक शहरावरून घेतल्यासारखे वाटते, तेथे डिस्नेसह अनेक चित्रनिर्मिती संस्थांची ठाणी आहेत.

डिस्नेलँडची रचना येथे उलटी केली आहे. तेथे सारे पाहुणे एक दिवस राहून जातात आणि खोटेपणा सर्वांना ठाऊक असतो. येथे एकच पाहुणा आहे, तो आयुष्यभर राहतो आणि खोटेपणा फक्त त्याच्यापासून लपविलेला आहे. त्याला बाहेर जाऊ न देण्यासाठी पहारेकरी लागत नाहीत. वडिलांच्या बुडण्याचा बनाव करून त्याच्या मनात पाण्याचे भय रुजविले जाते, प्रवासी कचेरीच्या भिंतीवर विमानाच्या अपघाताचे भयचित्र लावले जाते, आणि पत्नी भांडणाच्या ऐन भरात कोकोच्या डब्याची जाहिरात करते. कार्यक्रमाचा निर्माता ख्रिस्तॉफ स्वतःला क्रूर मानत नाही. बाहेरच्या जगापेक्षा मी तुझ्यासाठी चांगले जग रचले, असा त्याचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद सहजासहजी खोडता येत नाही आणि त्यातच चित्रपटाचे सामर्थ्य आहे. सीहेवनमध्ये गुन्हे नाहीत, गरिबी नाही, शेजारी रोज हसून अभिवादन करतात. एका गोष्टीचाच अभाव आहे : ट्रुमनच्या इच्छेने तेथे काहीही बदलत नाही.

चित्रीकरणासाठी निवडलेले स्थळ या अर्थाला बळकटी देते. सीहेवन म्हणून दिसणारे गाव हे फ्लोरिडातील सीसाइड. आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचा आराखडा केला आणि 'न्यू अर्बनिझम' या नगररचना-चळवळीचे ते आद्य उदाहरण मानले जाते. लेव्हिटटाऊनवरील टीका या चळवळीने मनावर घेतली होती. घरे सारखी नसावीत, रस्ते चालण्याजोगे असावेत, ओसरीवरून शेजाऱ्याशी बोलता यावे, असा तिचा आग्रह. म्हणून सीसाइडच्या नियमावलीत एक कलम असे आहे की प्रत्येक घरापुढे पांढरे लाकडी कुंपण असावे, पण एकाच रस्त्यावरील दोन कुंपणांचा नमुना सारखा नसावा. वेगळेपणच येथे नियम झाला. व्यक्तित्व हे दिसण्यात असते असे मानले की त्याची परिणती अशी होते. वेगळे दिसण्याची आज्ञा पाळणे हेही समूहानुवर्तनच ठरते.

अखेरीस ट्रुमन नावेतून निघतो आणि नाव आकाशाच्या रंगविलेल्या भिंतीवर आदळते. तेथे पायऱ्या आहेत आणि एक दार आहे. तो दारातून बाहेर पडतो. हा शेवट प्रेक्षकाला सुखावणारा आहे, परंतु त्याने मला पूर्णतः समाधान दिलेले नाही. पाहुण्याला जे एकमेव स्वातंत्र्य असते, ते निघून जाण्याचे. चित्रपट ट्रुमनला तेच देतो. गाव मागे तसेच राहते. सीहेवनमध्येच राहून ते बदलण्याची शक्यता चित्रपटाच्या कल्पनेत येत नाही, कारण त्या गावात बदलण्याजोगा एकही खरा शेजारी नाही. जोआनाला जाता आले नाही आणि ट्रुमनला राहता आले नाही. राहणे आणि तरीही स्वतःचे असणे, ही तिसरी वाट दोन्ही कलाकृतींत नाही. ती प्रत्यक्षात कोठे कोठे दिसते.

६. सेलिब्रेशन आणि आपला संदर्भ

डिस्ने कंपनीने फ्लोरिडात आपल्या थीम पार्कजवळ सेलिब्रेशन हे गाव वसविले आणि १९९६ मध्ये पहिली कुटुंबे तेथे राहायला आली. रॉबर्ट स्टर्न आणि जॅक्लिन रॉबर्टसन यांनी आराखडा केला. नगरभवन फिलिप जॉन्सन यांचे, टपाल कार्यालय मायकेल ग्रेव्हज यांचे. घरांसाठी नमुन्यांचे एक पुस्तक होते आणि त्यातील सहा शैलींपैकी एक निवडायची होती. रस्त्यावरून दिसणाऱ्या पडद्यांचा रंगसुद्धा नियमात बसवावा लागे. हिवाळ्यात बाजारपेठेत साबणाच्या फेसाचे हिम पाडले जाई. समीक्षकांनी या गावाला लगेच 'ट्रुमन शो'चे प्रत्यक्ष रूप ठरविले.

अँड्र्यू रॉस या अभ्यासकाने गॅन्स यांच्याप्रमाणेच तेथे वर्षभर वास्तव्य करून 'द सेलिब्रेशन क्रॉनिकल्स' (१९९९) लिहिले. त्या पुस्तकातून दिसणारे गाव बाहुल्यांचे नाही. शाळेची अध्यापनपद्धती आणि घरांच्या बांधकामातील दोष यांवरून तेथे तीव्र वाद झाले. पालकांचे गट पडले, शेजारी शेजाऱ्यांशी बोलेनासे झाले, सभा गाजल्या. कंपनीला हा गोंगाट अडचणीचा वाटला असेल. माझ्या मते मात्र त्या भांडणांच्या क्षणी पाहुण्यांचे रहिवाशांत रूपांतर झाले. नमुन्याच्या पुस्तकातील सहाव्या शैलीने त्यांना व्यक्तित्व दिले नाही; हे आमचे गाव आहे आणि येथील शाळा अशी नको, असे म्हणण्याने दिले. अर्थात या अधिकाराला मर्यादा होत्या. रहिवासी संघाच्या निर्णयांवर नकाराधिकार कंपनीकडे राखलेला होता, आणि २००४ मध्ये कंपनीने बाजारपेठेचा भाग दुसऱ्या गुंतवणूक कंपनीला विकला.

हा विषय केवळ परदेशाचा राहिलेला नाही. पुणे जिल्ह्यात मुळशीजवळ डोंगरात उभारलेले लवासा हे या परंपरेशी थेट जोडलेले आहे. त्याचा आराखडा एचओके या अमेरिकन संस्थेने न्यू अर्बनिझमच्या तत्त्वांना अनुसरून केला आणि दासवे येथील जलाशयाकाठची रंगीत घरे इटलीतील पोर्टोफिनो या बंदराची आठवण करून देण्यासाठी तशी रंगविली. २००८ मध्ये राज्य शासनाने विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा प्रकल्पाच्या कंपनीलाच दिला. पर्यावरणविषयक परवानगीच्या प्रश्नावरून नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस बजावली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लवासावर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली. जमीन आणि पर्यावरण यांविषयीची टीका आवश्यकच होती. मात्र 'नकली इटली' अशी जी थट्टा झाली, ती दिसण्यावर अडून राहिली. सह्याद्रीत इटलीचा रंग शोभतो की नाही, यापेक्षा त्या गावच्या रहिवाशाने आपले गाऱ्हाणे कोणत्या निवडलेल्या प्रतिनिधीकडे न्यावे, हा प्रश्न अधिक मूलभूत होता. त्या जागी पूर्वीपासून राहणाऱ्या गावकऱ्यांना तर नव्या आराखड्यात पाहुण्याचे स्थानही सहजी मिळाले नाही.

७. निष्कर्ष

१) उपनगर आणि थीम पार्क यांची समीक्षा प्रामुख्याने दृश्य सारखेपणावर झाली आहे. लेव्हिटटाऊनचा प्रत्यक्ष इतिहास पाहता सारखी घरे ही व्यक्तित्वाच्या आड येतातच असे नाही. उलट सीसाइड आणि सेलिब्रेशन यांच्या उदाहरणांवरून दिसते की वेगळेपणही वरून लादता येते.

२) 'रहिवासी' आणि 'पाहुणा' हा भेद या स्थळांच्या वाचनासाठी अधिक उपयुक्त आहे. पाहुण्याला निघून जाण्याचे स्वातंत्र्य असते, रहिवाशाला बदलण्याचे. थीम पार्कमध्ये पाहुणेपण निरुपद्रवी आहे; तेच तत्त्व गावाला लागू केले की माणसाचे नागरिकत्व कमी होते.

३) 'द स्टेपफर्ड वाइव्हज' समूहानुवर्तनामागील कर्ता उघड करते आणि 'द ट्रुमन शो' त्यामागील वत्सलतेचा मुखवटा उघड करतो. दोन्ही कलाकृती बंदिवासाचे निदान अचूक करतात. मात्र राहून बदल घडविण्याची वाट त्यांना दिसलेली नाही.

४) बदलण्याचा अधिकार हा आपोआप न्याय्य ठरत नाही. १९५७ च्या घटनेने दाखविल्याप्रमाणे रहिवाशांचा समूहच दुसऱ्याचे रहिवासीपण नाकारू शकतो. म्हणून व्यक्तित्वाची कसोटी 'मला माझे घर बदलता येते का' एवढ्यावर संपत नाही. 'माझ्या शेजारच्या घरात माझ्याहून वेगळा माणूस तितक्याच हक्काने राहू शकतो का' हा तिचा दुसरा आणि अधिक कठीण भाग आहे.

वर्गातील त्या विद्यार्थ्याने भिंतीचा आकार वा रंग काढला नव्हता, त्याने खिळा काढला होता. समीक्षेनेही भिंत कशी दिसते हे पाहून झाल्यावर, तिच्यात खिळा मारण्याची परवानगी कोण देतो आणि कोणाला देतो, हे विचारावयास हवे.